घाट, मागची चाके आणि जीटी : रॅलीच्या इतिहासातील एक परतीची वाट

१/१९
गेल्या पावसाळ्यात बिरवाडीच्या एका शाळासोबत्याने मला एक चित्रफीत पाठवली. युरोपातल्या कुठल्याशा डोंगरी रस्त्यावर एक पोर्शे ९११ वळणात शिरते, जवळजवळ आडवी होते आणि पुढच्याच क्षणी सरळ होऊन दिसेनाशी होते. खाली त्याचा प्रश्न होता : "कशेडीत बोगदा झाला, जुना घाट मोकळाच पडलाय. आपल्याकडे हे का नाही होणार?"

२/१९
उत्तर एका ओळीत देता आले असते. परंतु त्या गाडीमागे जवळपास सहा दशकांचा इतिहास आहे आणि त्यातला एक मुक्काम आपल्या मुंबईचा आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीटी स्पोर्ट्स कार रॅलीत कशा आल्या, कशा बाद झाल्या आणि पुन्हा का परतल्या, हा आजच्या धाग्याचा विषय. मित्राच्या प्रश्नाकडे शेवटी येऊ.

३/१९
प्रथम यंत्राची गोष्ट, आणि तीही घरचीच. मी महाड औद्योगिक वसाहतीच्या परिसरात वाढले. रसायनांचे टँकर, मालट्रक, एसटी या सर्वांची इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे जाते. चढावर वाहनाचा भार मागे सरकतो, मागची चाके रस्त्यावर दाबली जातात आणि त्यांची पकड वाढते. म्हणून भरलेला ट्रक घाट निमूट चढतो, तर रिकाम्या ट्रकची मागची चाके ओल्या रस्त्यावर जागच्या जागी फिरू लागतात.

४/१९
पोर्शे ९११ मध्ये हेच तत्त्व टोकाला नेलेले आहे. तिचे इंजिनच मागच्या आसाच्या मागे बसवलेले. चढावर आणि वळणातून बाहेर पडताना तिला उत्तम पकड मिळते. मात्र वळणात शिरताना चालकाने अचानक पाय उचलला, तर भार पुढे जातो, मागची बाजू हलकी होते आणि बाहेर फेकली जाते. तेव्हा स्टिअरिंग उलट दिशेला फिरवून गाडी सावरावी लागते. चित्रफितीतला तो आडवा क्षण म्हणजे हा सगळा हिशेब.

५/१९
'जीटी' हे 'ग्रान तुरिस्मो' या इटालियन शब्दांचे संक्षिप्त रूप. अर्थ, लांबचा प्रवास. दोन माणसे आणि थोडे सामान घेऊन वेगाने दूरवर जाणारी गाडी, ही मूळ कल्पना. अशी गाडी रॅलीत उतरणे स्वाभाविकच होते, कारण रॅलीही मुळात लांबच्या प्रवासाचीच स्पर्धा होती. साध्या रस्त्यांवरून, ठरलेल्या वेळेत, एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर पोहोचायचे.

६/१९
१९६० च्या दशकात मॉन्टे कार्लो रॅलीत इवलीशी मिनी विजयी होत होती, आणि ती पुढच्या चाकांवर चालणारी होती. म्हणजे मागची चाके श्रेष्ठ, असे तेव्हाही कोणी ठामपणे म्हणू शकत नव्हते. जानेवारी १९६८ मध्ये विक एलफर्ड आणि डेव्हिड स्टोन यांनी ९११ घेऊन मॉन्टे कार्लो जिंकली. पुढची दोन वर्षे ब्यॉर्न वाल्डेगार्डने तोच मान पोर्शेकडे राखला. बर्फाळ घाटांत स्पोर्ट्स कार टिकते, हे सिद्ध झाले.

७/१९
त्याच वर्षी २४ नोव्हेंबर रोजी लंडनहून एक विलक्षण स्पर्धा निघाली : लंडन–सिडनी मॅरेथॉन. सुमारे १६,००० किलोमीटरचा मार्ग, ९८ गाड्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून दिल्ली आणि तिथून मुंबई. ९८ पैकी ७२ गाड्या मुंबईपर्यंत पोहोचल्या. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या 'चुसान' या प्रवासी जहाजावर चढवून ऑस्ट्रेलियाकडे रवाना करण्यात आल्या.

८/१९
मुंबईत पहिल्या क्रमांकावर होता रॉजर क्लार्क, फोर्ड लोटस कॉर्टिना घेऊन. ताफ्यात ९११ देखील होत्या. त्यांतली एक पोलंडच्या सोबिएस्वाव झासाडाची. आल्प्सच्या डांबरी घाटांवर नावाजलेली ही गाडी अफगाणिस्तानातल्या दगडधोंड्यांवरून येऊन मुंबईच्या गोदीत उभी होती. सिडनीत ती चौथी आली. पहिला आला अँड्र्यू कोवन, हिलमन हंटर या अगदी साध्या घरगुती गाडीतून. अखेरपर्यंत पोहोचलेल्या गाड्या ५६.

९/१९
या निकालाचा अर्थ नीट पाहायला हवा. एवढ्या लांब आणि खडतर मार्गावर वेगापेक्षा टिकाऊपणा मोलाचा ठरला. ज्या मुंबईत या गाड्या थांबल्या, तिथे रस्त्यावर काय होते? वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट ११००, जी पुढे 'पद्मिनी' झाली. तीही मागच्या चाकांवर चालणारी. ९११ आणि आपली काळीपिवळी टॅक्सी यांच्यात एवढे एक नाते होते.

१०/१९
१९७३ मध्ये उत्पादकांसाठी जागतिक रॅली अजिंक्यपद सुरू झाले. पहिले विजेतेपद फ्रान्सच्या आल्पिन ए११० ला मिळाले. ठेंगणी, हलकी, इंजिन मागे. त्याच वर्षी पूर्व आफ्रिकेतली सफारी रॅली शेखर मेहता यांनी डॅटसन २४०झेड या जीटी गाडीतून जिंकली. मेहता भारतीय वंशाचे, जन्म युगांडातला. पुढे त्यांनी ही रॅली आणखी चार वेळा जिंकली. धूळ आणि चिखलातही जीटी जिंकू शकते, याचा हा पुरावा.

११/१९
त्यानंतर आली लॅन्शिया स्ट्रॅटोस. ही मुळात रॅलीसाठीच घडवलेली गाडी. आसन दोघांचे, त्यांच्या पाठीमागे फेरारीचे व्ही६ इंजिन. परंतु नियम असा होता, की स्पर्धेत उतरायचे तर त्या नमुन्याच्या ५०० गाड्या बनवायला हव्यात. यालाच होमोलोगेशन म्हणतात. लॅन्शियाने ती अट पुरी केली आणि १९७४, ७५ व ७६ अशी सलग तीन अजिंक्यपदे मिळवली. कोणती गाडी इतिहासात जाईल, हे रस्त्याइतकेच नियमपुस्तकही ठरवू लागले होते.

१२/१९
१९७० च्या दशकाच्या अखेरीस नियम बदलले आणि चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांना वाट मोकळी झाली. १९८१ मध्ये आउडी क्वात्रो आली. बर्फ, माती, खडी, कुठेही तिची पकड सुटत नव्हती. त्याच वर्षी मिशेल मूतों हिने क्वात्रोतून सान रेमो रॅली जिंकली. जागतिक अजिंक्यपदाची फेरी जिंकणारी ती पहिली स्त्री. मागच्या दोन चाकांवर विसंबणाऱ्यांना आपले दिवस भरल्याची जाणीव झाली.

१३/१९
तरीही १९८३ चे अजिंक्यपद लॅन्शिया ०३७ ने, मागच्या चाकांच्या गाडीने, अवघ्या दोन गुणांनी आउडीकडून हिसकावून घेतले. असे विजेतेपद त्यानंतर अशा गाडीला कधीच मिळाले नाही. योगायोग पाहा : त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारतात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि आपल्या घरगुती गाड्यांची ताकद हळूहळू पुढच्या चाकांकडे सरकली. दोन घटनांचा परस्परसंबंध काहीच नाही. वर्ष मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१४/१९
मग १९८६ चे काळे वर्ष. मार्चमध्ये पोर्तुगालच्या रॅलीत एक गाडी रस्त्यालगतच्या गर्दीत घुसली आणि प्रेक्षक मृत्युमुखी पडले. मे महिन्यात कॉर्सिका बेटावरच्या घाटात हेन्री तोइवोनेन आणि सर्जिओ क्रेस्तो यांची लॅन्शिया दरीत कोसळून पेटली. दोघेही गेले. 'ग्रुप बी' हा अतिवेगवान वर्ग बंद झाला. त्याच कॉर्सिकात १९८७ मध्ये बीएमडब्ल्यू एम३ जिंकली. जागतिक रॅलीतल्या मागच्या चाकांच्या गाडीच्या अखेरच्या निर्भेळ विजयांपैकी तो एक.

१५/१९
पुढची सुमारे पंचवीस वर्षे जीटी गाड्या वरच्या रॅलीतून जवळपास दिसेनाशा झाल्या. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने 'आर-जीटी' नावाचा स्वतंत्र वर्ग काढला. अट अशी, की ताकद दोनच चाकांना. आणि इंजिनात जाणारी हवा नियंत्रित करून ताकद मर्यादित ठेवायची. इंग्लंडच्या टटहिल या खासगी कार्यशाळेने ९११ ची एक आवृत्ती त्यासाठी सिद्ध केली आणि २०१४ मध्ये जर्मनीतल्या जागतिक फेरीत उतरवली.

१६/१९
२०१५ मध्ये या वर्गाचा स्वतंत्र चषक सुरू झाला, तोही डांबरी रस्त्यांवरच्या रॅलींपुरता. पहिला चषक फ्रान्स्वा देलेकूरने, दुसरा रोमँ द्युमाने जिंकला, दोघेही पोर्शेतून. त्यानंतर अबार्थ १२४ ने त्यांना मागे टाकले आणि पुढे आल्पिन ए११० हे जुने नावही नव्या रूपात परतले. यांपैकी कोणतीही गाडी संपूर्ण रॅली जिंकण्यासाठी आलेली नव्हती. चार चाकांची पकड त्यांना हरवणार, हे सर्वांना ठाऊक होते. तरीही वळणावळणावर लोक त्यांचीच वाट पाहत.

१७/१९
यंत्रांचा इतिहास आपण बहुधा जिन्यासारखा वाचतो : जुने गेले, चांगले आले. हा इतिहास तसा नाही. १९६८ च्या मार्गाने साध्या हिलमनला निवडले, १९७४ च्या नियमाने स्ट्रॅटोसला, १९८१ च्या बर्फाने आउडीला आणि २०११ च्या नियमाने पुन्हा जीटीला. गाडी तीच, पण रस्ता आणि नियम बदलले की तिची किंमत बदलते. म्हणूनच एखादी गाडी एका रस्त्यावर शोभते म्हणून ती दुसऱ्या रस्त्यावर शोभेलच असे नाही.

१८/१९
आता मित्राचा प्रश्न. १९६८ मध्ये सिडनी जवळ आले असताना ल्यूसियाँ बियांकी यांची सित्रोएन आघाडीवर होती. समोरून आलेल्या एका मिनीवर ती आदळली. बियांकी जखमी झाले, विजय हातचा गेला. मागून आलेल्या पॅडी हॉपकर्कने स्पर्धा बाजूला ठेवून आधी मदत आणायला गाडी वळवली. आज रॅलीचे वेगवान टप्पे रहदारी बंद करून, रुग्णवाहिका आणि रस्त्याकडेचे रक्षक नेमून घेतले जातात. तो प्रत्येक नियम अशा कुठल्या ना कुठल्या अपघाताच्या मागून आलेला आहे. चित्रफितीत तो आडवा क्षण दिसतो, बंद केलेला रस्ता दिसत नाही.

१९/१९
कशेडीचा जुना घाट मोकळा पडलेला नाही. तिथल्या वाड्यांतली माणसे, शाळेची मुले, गुरे त्याच रस्त्याने ये-जा करतात. शेजारच्या आंबेनळी घाटात जुलै २०१८ मध्ये बस दरीत कोसळून ३० माणसे गेली, तेव्हा पोलादपूर-महाडची माणसे दोर घेऊन खाली उतरली होती. मित्राला मी एवढेच लिहिले : "रस्ता बंद करण्याची परवानगी, रुग्णवाहिका आणि वाडीतल्या लोकांचा होकार मिळव. मग टाइमकीपर म्हणून मी येते." त्याने हसणारा चेहरा पाठवला, आणि थोड्या वेळाने विचारले, "झासाडाच्या गाडीचा मुंबईतला फोटो मिळेल का?" तुमच्यापैकी कोणाच्या घरी डिसेंबर १९६८ च्या त्या आठवड्यातले छायाचित्र, कात्रण किंवा आजोबांची आठवण असेल, तर या धाग्याखाली अवश्य लिहा.