पाच पावसाळे आणि बोरघाट

मुंबईहून पुण्यास आगगाडीने निघालेल्या उतारूला एके काळी मध्येच गाडी सोडून डोंगर चढावा लागे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग मे १८५६ मध्ये घाटाच्या पायथ्याशी खोपोलीस येऊन थांबला होता. वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा मार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला. मधला बोरघाट तेवढा राहिला. खाली रूळ, वर रूळ, आणि मध्ये दीड हजार फुटांची चढण. ती पालखीत बसून, तट्टावर, बैलगाडीने किंवा पायी ज्याने त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे चढावी, अशी व्यवस्था होती. घाटातील रेल्वे एप्रिल १८६३ मध्ये सुरू होईपर्यंत असे पाच पावसाळे गेले.

वरच्या मार्गाचा मुहूर्त पाहा. चौदा जून म्हणजे ऐन मृग नक्षत्र. खंडाळ्यास वर्षाकाठी दीडशे इंचांहून अधिक पाऊस पडतो, पुण्यास तीस इंचही पुरा पडत नाही. म्हणजे ज्या तुकड्यात सामान उघड्यावर न्यावयाचे, तोच तुकडा साऱ्या वाटेत अधिक पावसाचा होता.

त्यापूर्वीच्या पिढ्यांनी या प्रश्नाचे उत्तर फार सोपे करून ठेवले होते. पावसाळ्यात प्रवासच करावयाचा नाही. संन्याशाचा चातुर्मास एका गावी, फौजेची छावणी एका ठिकाणी आणि सीमोल्लंघन दसऱ्याला. नद्यांना उतार नसे हे त्याचे एक कारण. पण तोड्याच्या बंदुकीची दारू भिजली म्हणजे शूर शिपायाच्या हाती नुसते लोखंड उरते, हेही तितकेच मोठे कारण होते. कोकणातील मीठ बैलांच्या पाठीवरून देशावर नेणारे वणजारीही उघडिपीचे दिवस पाहूनच निघत. पाण्यात बसून मिठाचे ओझे हलके करणाऱ्या गाढवाची गोष्ट मुलांना हसवते, परंतु मीठ वाहणाऱ्याला त्यात हसण्यासारखे काही नव्हते. बैलाच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या गोणींना वरून पाऊस आणि खालून ओढ्याचे पाणी, असे दोन शत्रू असत. कापसाचे तर विचारूच नये. वऱ्हाडचा कापूस शेकडो मैल बैलांवरून येई. तो वाटेत भिजला की जड होई, मळे, काळवंडे, आणि बाजारात त्याची किंमत उतरे. रेल्वे हवी म्हणून झटणाऱ्या जॉन चॅपमन याने १८५१ मध्ये हिंदुस्थानच्या कापसावर ग्रंथ लिहिला, तो या वाहतुकीचे महत्त्व ओळखूनच.

सर्वांत नाजूक ओझे कागदाचे. काजळ आणि गोंद यांची जुनी शाई उन्हाने विटत नाही, शतकानुशतके काळीभोर राहते. पण पाणी लागले की तीच फुटते, पसरते आणि शेजारच्या पानाला चिकटते. पोथी पाण्यापासून राखावी, अशी विनंती जुने लेखनिक पोथीच्या शेवटी लिहून ठेवीत. ती केवळ रूढी नव्हती. सावकाराचे खतपत्र किंवा वतनाची सनद एका ओढ्यात भिजली, तर कुटुंबाचा हक्क सिद्ध करावयास दुसरे साधन बहुधा नसे.

मग ज्याला निघणे भागच होते, तो काय करी? घोंगडी हा पहिला आधार. मेंढीच्या लोकरीत मूळचा स्निग्ध अंश राहिलेला असतो, म्हणून पाणी प्रथम तिच्यावरून निथळते आणि आत शिरावयास वेळ लागतो. खोळ करून डोक्यावर घेतली की पाठीवरचे गाठोडेही झाकले जाई. मात्र एकदा पुरी भिजली की ती स्वतःच एक ओझे होऊन बसे. कोकणातील इरले घोंगडीपेक्षा हलके. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यात दाबून बसविलेली पाने. पण इरले हे वाकून भात लावणाऱ्याचे छप्पर आहे. डोक्यावर पेटी घेऊन घाट चढणाऱ्याला त्याचा उपयोग थोडा.

जोखमीच्या वस्तूंसाठी मेणकापड होते. हिंदी-उर्दूत त्यालाच मोमजामा म्हणतात. मोम म्हणजे मेण. सुती कापडावर मेण चढवावे, किंवा जवसाचे कढविलेले तेल फासून वाळवावे. जवसाचे तेल हवेत वाळून कापडावर साय धरल्यासारखा पापुद्रा धरते. तिळाचे तेल तसे वाळत नाही, म्हणून ते या कामी निरुपयोगी. मेणकापडाचा दोष घडीत असे. वारंवार दुमडले की त्या रेषेवर मेण तडकते, आणि पाणी नेमकी तीच रेषा शोधून काढते.

विलायतेत याच दोषावर उपाय शोधला गेला. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश याने १८२३ मध्ये पेटंट घेतले. दगडी कोळशापासून दिव्याचा वायू काढताना जे डांबर उरे, त्यातून मिळणाऱ्या नॅप्थ्यात त्याने रबर विरघळविले आणि ते दोन कापडांच्या मध्ये घालून एकच कापड बनविले. जॉन फ्रँकलिन याच्या १८२५ च्या उत्तर ध्रुवाकडील मोहिमेत या कापडाने मढविलेली एक लहान होडीही होती. परंतु शिंप्याने सुई घातली की प्रत्येक भोकातून पाणी येई. शिवाय कच्चे रबर थंडीत ताठरते आणि उष्णतेत चिकटते. थंड देशात पुष्कळसे चालून गेलेले हे कापड उन्हाळी प्रदेशात पेटीत ठेवले, तर त्याची घडी उलगडणे कठीण. चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांच्या योगाने रबर पक्के करण्याची युक्ती शोधली, तेव्हा कोठे हा दोष गेला.

बोरघाट चढणाऱ्या सामान्य उतारूजवळ मॅकिंटॉशचे कापड कोठून असणार! त्याच्यासाठी गाठोडे, वळकटी आणि घोंगडी हीच साधने. पालखीतून जाणाऱ्या साहेबाचे कपडे पेटाऱ्यांत असत. दोन पेटारे कावडीच्या दोन टोकांना लावून हमाल पुढे चाले. पूर्वी हे पेटारे वेताचे विणीत, पुढे पत्र्याचे निघाले. पत्र्याने पाऊस अडला, पण कोंदट हवा अडली नाही. ओले कपडे आत कोंडले की चार दिवसांत बुरशी धरतेच, पेटी कितीही उत्तम असो. मोठ्या मालावर डांबर फासलेले जाड कापड पडू लागले. इंग्रजीत त्याचे नाव टारपॉलिन; आपल्या लोकांनी त्याची ताडपत्री केली. नाव परके, पण घराच्या शाकाराला ताडाची पाने वापरणाऱ्या मुलखाला ते आपलेच वाटले असावे.

१८६३ मध्ये पंचवीस बोगदे पार करून गाडी खंडाळ्यास चढू लागली आणि खोपोलीस सामान उतरविण्याची गरज संपली. पालखीचे भोई आणि कावडीचे हमाल यांचा त्या वाटेवरचा रोजगारही त्याबरोबरच गेला. पुण्याची गाडी कर्जतवरून परस्पर वर जाऊ लागली. खोपोलीचा फाटा मात्र उखडला गेला नाही. आजही कर्जतहून तेथे लोकलगाडी जाते आणि घाटाच्या पायथ्याशी थांबते.