रिल्केचा सल्ला, काप्पुसची वाट

आपल्या गोव्यात कवी उदंड. कविसंमेलनात नवखा कवी एखाद्या ज्येष्ठाच्या हाती वही ठेवतो आणि हळूच विचारतो, "बरी आहे ना?" बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं असतं. "छान! लिहीत राहा."

याच प्रश्नाचं सगळ्यांत गाजलेलं उत्तर मात्र जर्मन भाषेत आहे.

१९०२ साल. ऑस्ट्रियातल्या वीनर नॉयश्टाट इथल्या लष्करी अकादमीत फ्रान्झ झेवर काप्पुस नावाचा १९ वर्षांचा मुलगा शिकत होता. (नावात आपला गोंयचो सायब आहेच!) तो झाडाखाली रायनर मारिया रिल्केच्या कविता वाचत बसला होता. तेवढ्यात अकादमीचे धर्मगुरू होराचेक तिथं आले. पुस्तकावरचं नाव पाहून त्यांना आठवलं, हा तर आपल्या सांक्ट पोल्टनच्या लष्करी शाळेतला जुना विद्यार्थी! प्रकृतीला झेपेना म्हणून रिल्केनं ती वाट पुढे सोडली होती. काप्पुसला हे ऐकून धीर आला आणि त्यानं आपल्या कविता रिल्केला पाठवल्या.

पॅरिसहून उत्तर आलं, तारीख १७ फेब्रुवारी १९०३. आपण रिल्केला ज्येष्ठ समजतो, पण तेव्हा तो अवघा २७ वर्षांचा होता. शिल्पकार रोदँवर पुस्तक लिहायला तो पॅरिसला आला होता आणि सतत काम करत राहणं म्हणजे काय ते त्याच्याकडून स्वतःच शिकत होता.

या कवितांना अजून स्वतःचा चेहरा नाही, हे त्यानं स्पष्ट सांगितलं. पण टीका करत बसला नाही. कविता बऱ्या आहेत का, हे बाहेर विचारणंच थांबवा, असं त्याचं म्हणणं. रात्रीच्या शांत वेळी स्वतःला विचारा, मला लिहिलंच पाहिजे का? उत्तर 'हो' आलं तर सगळं आयुष्य त्याभोवती उभारा. सुरुवातीला प्रेमकविता टाळा. रोजचं जगणं, दुःखं, बालपणीच्या आठवणी यांकडे वळा.

एवढं सगळे सांगतात. पत्राचा उरलेला भाग मात्र गाळला जातो. आत डोकावल्यावर कवी होण्याचा नाद सोडावा असंही वाटेल, पण तो शोध फुकट जाणार नाही, असंही रिल्केनं लिहिलं होतं. मला हाच भाग मोलाचा वाटतो.

कारण काप्पुसचं तसंच झालं. तो सैन्यात अधिकारी झाला, पुढे पत्रकार आणि कादंबरीकार. कवी म्हणून त्याचं नाव आज कोण घेतो? मग सल्ला वाया गेला का? मला नाही तसं वाटत. १९०८ पर्यंत रिल्केनं त्याला दहा पत्रं लिहिली. १९०४ मध्ये तर रोमहून त्याचंच एक सुनीत स्वतःच्या हातानं उतरवून पाठवलं. आपली कविता परक्या अक्षरात वाचली की ती नव्यानं दिसते, हे त्याला दाखवायचं होतं.

रिल्के १९२६ मध्ये गेला. काप्पुसनं ती पत्रं १९२९ मध्ये छापली, पण स्वतःची बाजू बाहेर ठेवून. त्याची पत्रं थेट २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली.

"छान! लिहीत राहा" म्हणायला काहीच पडत नाही. परक्या मुलाची कविता हातानं उतरवून काढायला वेळ काढावा लागतो. आपल्याकडच्या किती नवोदितांच्या वाट्याला असा वेळ येतो?