झाडाची जखम भरून येत नाही

जूनच्या अखेरीस नवी दिल्लीच्या अशोक रोडवर जांभळे पिकतात. एक जण वर चढून फांद्या हलवतो, खाली चौघे चादर ताणून उभे असतात आणि फूटपाथभर जांभळा सडा पडतो. त्या चढणाऱ्याचे पाय पाहावेत. जांभळाची फांदी दगा देणारी. कोणत्या फांदीवर भार टाकायचा, कोणती नुसती दिसायला जाड आहे, हे त्याला तळव्यांनी कळते. वृक्षशल्यचिकित्सेच्या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांचे स्वागत मला या झाडांखालीच करावेसे वाटते, कारण या विद्येचा अर्धा भाग अशा पायांत आहे आणि उरलेला पुस्तकांत. दोन्हीची गाठ अजून नीट पडलेली नाही.

ही झाडे आपसूक उगवलेली नाहीत. डिसेंबर १९११ च्या दरबारात राजधानी दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली आणि पुढच्या दोन दशकांत नव्या शहराचे रस्ते आखता आखताच त्यांची झाडेही ठरली. वास्तुशिल्पी ल्युटेन्सचे नाव सर्वांना ठाऊक असते. प्रत्यक्ष रोपे वाढवून लावण्याचे काम उद्यानतज्ज्ञ विल्यम मस्टो यांनी पाहिले. बहुतेक रस्त्यांना एकेक जात मिळाली: अकबर रोडला चिंच, जनपथाला अर्जुन, लोदी रोडला कडुनिंब, अशोक रोडला जांभूळ. देखणी योजना होती, पण तिचा एक परिणाम आज आपल्यापुढे उभा आहे. एकाच पिढीची झाडे एकाच वेळी म्हातारी होत आहेत. रोप लावणाऱ्यांचे फोटो निघतात, पडलेले झाड कापून नेणाऱ्यांच्या गाड्या येतात. मधल्या शंभर वर्षांकडे पाहणारा माणूस मात्र क्वचित सापडतो. ती जागा तुमची आहे.

या विद्येचे सगळे नियम एका गोष्टीतून निघतात आणि ती गोष्ट पहिल्या दिवशीच मनात पक्की बसावी: झाडाची जखम भरून येत नाही. आपल्या बोटाला कापले तर त्या जागी नवी कातडी येते. झाड कापल्या जागी नव्या पेशी भरत नाही. ते जखमी भागाभोवती भिंती बांधते, तो भाग आत कोंडते आणि बाहेरून नवे लाकूड चढवत पुढे वाढते. जखम आतमध्ये तशीच राहते, झाड असेपर्यंत. अमेरिकेच्या वनसेवेतील अ‍ॅलेक्स शायगो यांनी १९५९ पासून हजारो झाडे चेनसॉने उभी चिरून आतली कूज कुठपर्यंत जाते आणि कुठे थांबते ते पाहिले, आणि १९७० च्या दशकात हा सिद्धान्त मांडला. झाड अशा चार भिंती उभारते, त्यांपैकी वर-खाली जाणारी कूज अडवणारी भिंत सर्वांत दुबळी असते. इजा झाल्यानंतर वाढलेल्या नव्या लाकडाची सर्वांत भक्कम. म्हणून कूज खोडात उभी पसरते, पण बाहेरच्या नव्या वलयांत सहसा शिरत नाही.

एवढे कळले की करवत कुठे लावायची ते आपोआप कळते. फांदी खोडाला मिळते तिथे किंचित फुगीर कडे असते. इंग्रजीतला कॉलर हा शब्दच आपल्याकडे रुळला आहे. झाडाच्या संरक्षणाची फौज त्या कड्यात असते. खोडाला घासून सपाट कापले तर फौजच कापली जाते. हातभर खुंट ठेवला तर तो वाळून कुजीला आत जायची वाट होतो. कड्याच्या लगेच बाहेर कापायचे. तेही तीन घावांत: आधी थोड्या अंतरावर खालून अर्धवट, मग त्याच्या जरा पुढे वरून, म्हणजे फांदी साल न सोलता सुटते, शेवटी उरलेला खुंट कड्याजवळ. शेंडा छाटून झाड बोडके करणे ही छाटणी नव्हेच. त्या जागी फुटणारे धुमारे वरवरच्या लाकडात रुजलेले असतात आणि चार-पाच वर्षांनी आंधीत तेच आधी मोडतात.

आपल्याकडे या विद्येला जुना इतिहास आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ या जुन्या संस्कृत ग्रंथाची पोथी ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात होती. वनस्पतिरोगतज्ज्ञ यशवंत नेने यांनी ती मिळवली, नलिनी साधले यांनी तिचे इंग्रजी भाषांतर केले आणि १९९६ मध्ये ते प्रसिद्ध झाले. मोडलेल्या झाडाला प्लक्ष आणि उंबराच्या सालीचा लेप लावून बांधावे, असे सुरपाल सांगतो. प्लक्ष म्हणजे दिल्लीकरांचा पिलखन. आज तो इथल्या रस्त्यांवर सावली धरून उभा आहे. कापलेल्या जागी लेप किंवा रंग लावल्याने कूज थांबत नाही, असे आजचे शास्त्र सांगते. तरीही झाडाला रोगी मानून त्याच्या शेजारी बसणारी सुरपालाची दृष्टी टाकून देण्यासारखी नाही. त्याच्याकडून उपचारापेक्षा निदानाची सवय घ्यावी.

दिल्लीत ‘ट्री सर्जरी’ म्हणून जे सर्वाधिक दिसते ते म्हणजे ढोली भरणे: आतले कुजके लाकूड खरवडायचे, बुरशीनाशक मारायचे, जाळी ठोकायची आणि सिमेंट किंवा प्लास्टरने तोंड बंद करायचे. हे काम मनापासून करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण पद्धत मला मान्य नाही. खरवडताना झाडाने बांधलेली भिंत फुटते, आणि वाऱ्यात खोड लवते तेव्हा सिमेंट लवत नाही. पोकळ खोड म्हणजे मरणारे खोड नव्हे. पोकळ बांबू वारा झेलतोच. लाकडी हातोडीने खोडाभोवती ठोकत जावे, आवाज बदलतो तिथे खूण करावी. खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश जाडीची निरोगी कड शिल्लक असेल तर धीर धरावा, हा जर्मन अभ्यासक क्लाउस माथेक यांचा ठोकताळा. झाड कलले असेल, ढोलीचे तोंड रुंद असेल किंवा घेर मोठा असेल तर तो पुरेसा नाही. आणि त्या ढोलीत राखी धनेशाची मादी स्वतःला लिंपून अंड्यांवर बसलेली असू शकते. ल्युटेन्सच्या दिल्लीत हा पक्षी अजून आहे, तो अशा म्हाताऱ्या झाडांमुळेच.

मात्र दिल्लीची झाडे ढोलीपेक्षा मुळांनी अधिक मरतात. अन्नपाणी घेणारी बहुतेक मुळे वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि केबल, नाली, फूटपाथ यांची खोदाईही तिथेच होते. ३० मे २०२२ च्या वादळात सफदरजंगला ताशी १०० किलोमीटरचा वारा नोंदला गेला आणि शहरभर झाडे उन्मळून पडली. पडलेल्या झाडापाशी गेलात तर आधी मुळांची टोके पाहा: सरळ कापलेली आहेत की कुजून तुटलेली? बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१३ मध्ये दिला होता. तो दाखवून एखाद्या वसाहतीतल्या चार झाडांचे गळे मोकळे करवून घेणे हीसुद्धा शल्यचिकित्साच आहे. माझ्या मते सर्वांत उपयोगी.

कायदा आधी वाचावा, मग हत्यार घ्यावे. १९९४ च्या दिल्ली वृक्षसंरक्षण कायद्याखाली जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर ५ सेंटिमीटर व्यासाचे आणि किमान मीटरभर उंचीचे खोडही ‘वृक्ष’ ठरते. १५.७ सेंटिमीटर घेरापर्यंतच्या फांद्या परवानगीविना छाटण्याची मुभा देणारी मार्गदर्शक सूचना दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये रद्द केली. यमुना ओलांडून नोएडात गेलात की उत्तर प्रदेशचा १९७६ चा कायदा, गुरुग्रामला हरियाणाचे वेगळे नियम.

शिकायचे कुठे? पदवी हवी असेल तर वनस्पतिशास्त्र, उद्यानविद्या किंवा वनशास्त्र. मराठी मुलांसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे वनशास्त्र महाविद्यालय आहे, आणि देहरादूनची वन संशोधन संस्था दिल्लीपासून रात्रभराच्या प्रवासावर. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चरच्या परीक्षेसाठी साधारणपणे तीन वर्षांचा अनुभव लागतो. पण पदवी नसलेल्यालाही हे दार बंद नाही. महापालिकेच्या किंवा केंद्रीय बांधकाम खात्याच्या बागेतला जुना माळी गुरू म्हणून मिळाला, तर त्याच्यामागे दोन ऋतू फिरावे.

पहिले वर्ष जमिनीवर काढा. वर चढलेल्याचा दोर सांभाळणे, खालून जाणाऱ्यांना थांबवणे, विजेची तार किती अंतरावर आहे ते चढण्याआधी मोठ्याने सांगणे, पडलेल्या फांद्यांचे काप उलटून पाहणे: हे काम कमी प्रतीचे नाही, वरच्या माणसाचा जीव त्यावर असतो. सोबत एक वही ठेवा आणि घराजवळचे एकच झाड निवडा. मार्च-एप्रिलमध्ये कडुनिंब पाने टाकतो तेव्हा त्याचा सांगाडा उघडा दिसतो. तो वहीत काढून घ्या, कुठली फांदी कुठून निघाली, कुठे जुना घाव आहे, त्यावर नव्या लाकडाची कड किती चढली आहे. पुढच्या मार्चमध्ये त्याच जागी उभे राहून तीच कड पुन्हा मोजा.