भूमिकाप्रधान संगणकीय खेळ

भूमिकाप्रधान संगणकीय खेळ : संगणकावर, दूरचित्रवाणी संचास जोडलेल्या खेळयंत्रावर अथवा भ्रमणध्वनीवर खेळल्या जाणाऱ्या खेळांचा एक प्रकार. ह्यात खेळाडू एका किंवा अनेक कल्पित पात्रांचा भार स्वीकारतो आणि त्या पात्रांच्या अंगी असलेल्या, खेळात नोंदविलेल्या गुणांच्या बळावर एका कल्पित जगात कार्य करतो. इंग्रजी ‘रोल-प्लेइंग गेम’ ह्या संज्ञेचा संक्षेप करून खेळाडूंमध्ये त्यास ‘आरपीजी’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. भूमिका हा शब्द नाट्यकलेतून आलेला असल्यामुळे ह्या संज्ञेविषयी गैरसमज होतो. कोणाची तरी भूमिका घेणे एवढाच निकष मानला, तर बहुतेक सर्वच संगणकीय खेळ भूमिकाप्रधान ठरतील. कारण मोटारशर्यतीच्या खेळातही खेळाडू चालकाच्या जागी बसतो. तेव्हा ह्या प्रकाराचे व्यवच्छेदक लक्षण अन्यत्र शोधावे लागते.

ते लक्षण मराठी वाचकास परिचित अशा एका कथेवरून चांगले स्पष्ट होते. धाराशिव जिल्ह्याच्या (२०२३ पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा) तुळजापूर तालुक्यात बोरी नदीच्या काठी नळदुर्ग हा भुईकोट आहे. बहमनी, आदिलशाही, मोगल व निजामशाही अशा सत्ता त्याने पाहिल्या असून दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या कारकीर्दीत नदीवर बांध घालून त्यात रचलेला पाणीमहाल प्रसिद्ध आहे. स्थानिक आख्यायिका मात्र ह्या किल्ल्याचा संबंध नळराजाशी जोडते. तीस ऐतिहासिक आधार नाही. तथापि तिच्यामुळे नळ-दमयंतीची कथा ह्या परिसराच्या नावाशीच निगडित झाली आहे.

महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान ही द्यूताची कथा म्हणून सांगितली जाते. बृहदश्व ऋषी ती युधिष्ठिरास सांगतात, तेव्हा तोही द्यूतात राज्य गमावून वनवासात असतो. परंतु कथेची खरी गुंतवणूक फाशांत नसून पात्राच्या अंगच्या विद्यांत आहे. नळास अश्वविद्या अवगत आहे; स्वयंवरप्रसंगी लोकपालांकडून त्याला अग्नी व जल ह्यांविषयीचे वर मिळालेले आहेत; अक्षविद्या मात्र त्याच्याजवळ नाही. म्हणूनच कलीने पछाडलेला नळ पुष्कराकडून हरतो. पुढे कर्कोटक नागाच्या दंशाने त्याचे रूप पालटते आणि बाहुक ह्या नावाने तो अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. विदर्भाकडे जाताना वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याच्या दोन फांद्यांवर २,०९५ फळे असल्याचे सांगतो. नळ ती मोजून पाहतो व संख्या बरोबर निघते. बेहड्याची फळे त्याकाळी फासे म्हणून वापरीत. त्यामुळे झटपट गणना करण्याची हातोटी हेच अक्षविद्येचे मर्म होते. नळ आपली अश्वविद्या देऊ करून ती विद्या मिळवितो आणि पुष्कराशी पुन्हा खेळताना एकाच डावात राज्य परत घेतो.

दोन डावांत बदलले ते काय? खेळ तोच, प्रतिस्पर्धी तोच. बदलली ती पात्राच्या नावे असलेली गुणांची नोंद, आणि ती बदलली पात्राने मधल्या काळात केलेल्या एका व्यवहारामुळे. दमयंतीही बाहुकास रूपावरून ओळखत नाही. रथाचा घोष, त्याने रांधलेल्या अन्नाची चव, पाणी व अग्नी त्याला वश असल्याचे केशिनी दासीने आणलेले वृत्त, ह्यांवरून तिची खात्री पटते. सोंग पालटले तरी गुण राहतात आणि गुणांवरूनच व्यक्ती ओळखली जाते. भूमिकाप्रधान खेळातील ‘भूमिका’ ही नेमकी अशी आहे. पात्राचा वेष वा चेहरा म्हणजे भूमिका नव्हे. त्याला काय येते, काय येत नाही व त्याने आजवर काय केले, ह्यांचा तो लेखा होय. नलोपाख्यानात एकच गोष्ट नाही, ती म्हणजे श्रोत्याला कथेची दिशा बदलण्याचा अधिकार. तो मिळाला की कथेचा खेळ होतो.

भूमिका घेण्याची कला ह्या जिल्ह्यात विपुल आहे, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे. तुळजाभवानीचे कदमराई गोंधळी संबळ-तुणतुण्याच्या साथीवर आख्यान लावतात, तेव्हा मुख्य गोंधळी व त्याचा साथीदार प्रसंगानुसार निरनिराळ्या पात्रांची भाषणे बोलतात. बहुरूप्याचे तर सारे कौशल्य सोंगातच. पण गोंधळातील आख्यानाचा शेवट ठरलेला असतो. देवीने दैत्यास मारावे की नाही, हे फाशांवर किंवा गोंधळ्याच्या त्या रात्रीच्या निर्णयावर अवलंबून नसते. ह्या प्रकारांत भूमिका आहे, खेळ नाही. उलट, ज्ञानेश्वरांशी परंपरेने ज्याचा संबंध जोडला जातो त्या मोक्षपटात खेळ आहे, पण भूमिका नाही. कवड्या टाकून सोंगटी पुढे न्यावयाची. सद्‌गुणाच्या घरातून शिडीने वर चढावयाचे, दुर्गुणाच्या घरातून सापाने खाली यावयाचे. सोंगटी जीवाचे प्रतीक असली, तरी तिला स्वतःचे गुण नसतात. दया किंवा क्रोध हे पटावर आहेत, सोंगटीत नाहीत; आणि कोणत्या घरात पडावे ह्याची निवड खेळाडूस नाही.

पात्राचे गुण अंकांत मांडण्याची कल्पना युद्धाच्या खेळांतून आली. प्रशियन सैन्यात १८२४ मध्ये राइसविट्झ ह्या अधिकाऱ्याने नकाशा, फासे व पंच ह्यांच्या साहाय्याने खेळावयाचा युद्धखेळ मांडला. त्यात फाशांचे फळ सैन्यतुकडीच्या बलाबलाशी जोडून पाहिले जाई. दीडशे वर्षांनंतर अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्यांनी तुकडीच्या जागी एकच व्यक्ती आणली आणि १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा मेजावर बसून खेळावयाचा खेळ प्रसिद्ध केला. बळ, बुद्धी, शहाणपण, चपळता, काटकपणा व प्रभाव असे सहा गुण तीन फाशांनी ठरवून कागदावर लिहावयाचे. साहसे पार पाडली की अनुभवगुण मिळावयाचे व पात्राची श्रेणी वाढावयाची, असा हा क्रम होता. खेळाडू काय करू इच्छितो ते तो तोंडाने सांगे. ते साधले की नाही हे पात्राचे गुण व फासे सांगत. आणि जगाचा कारभार सूत्रधार पाही. पुढील सर्व भूमिकाप्रधान खेळ ह्या खेळाचे ऋणी आहेत.

संगणकाने ह्यातील हिशोबाचे काम तत्काळ उचलले. इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ ह्या शैक्षणिक संगणकयंत्रणेवर १९७५ च्या सुमारासच विद्यार्थ्यांनी असे खेळ रचले होते. १९८० मधील ‘रोग’, तसेच १९८१ मधील रिचर्ड गॅरियटचा ‘अल्टिमा’ व अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड ह्यांचा ‘विझार्ड्री’ ह्यांनी हा प्रकार रूढ केला. सूत्रधाराची जागा मात्र यंत्रास घेता आली नाही. मेजावर खेळाडू अनपेक्षित काही बोलला, तर सूत्रधार त्याला अनपेक्षित उत्तर देऊ शकतो. आज्ञावलीला तिच्यात आधी लिहिलेलेच ठाऊक असते. त्यामुळे संगणकीय प्रकारात गुणांची नोंद पुष्ट झाली आणि निवड कृश झाली. ह्या प्रकाराच्या व्याख्येविषयी आज जे वाद आहेत, त्यांचे मूळ बव्हंशी ह्या असमतोलात आहे.

तो दूर करण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न १९८५ मध्ये ‘अल्टिमा’ मालिकेतील चौथ्या खेळाने केला. त्याच्या शीर्षकात ‘अवतार’ हा संस्कृत शब्द आहे. ह्या खेळात अंतिम खलपुरुष नाही. आठ सद्‌गुण अंगी बाणवून अवतारपदास पोहोचणे हे साध्य. आरंभी खेळाडूस नैतिक पेचाचे प्रश्न विचारून त्याच्या उत्तरांवरून पात्राचा व्यवसाय ठरविला जातो. औषधी विकणारी आंधळी बाई पैसे मोजू शकत नाही. तिला कमी पैसे देता येतात, यंत्र त्यास हरकत घेत नाही, मात्र प्रामाणिकपणाचा अंक गुपचूप घटतो. मोक्षपटाशी ह्याची तुलना उद्‌बोधक ठरते. दोहोंचा विषय एकच. पण मोक्षपटात कवडी जे ठरविते, ते येथे खेळाडूची कृती ठरविते, आणि तिचा ठसा पात्रावर उमटून राहतो.

जपानमध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ (१९८६) व ‘फायनल फँटसी’ (१९८७) ह्या खेळांपासून वेगळी शाखा फुटली. तीत कथा बहुधा ठरलेली असते व खेळाडूचे स्वातंत्र्य मुख्यतः पात्रांची जोपासना व लढाईतील डावपेच ह्यांपुरते असते. पाश्चात्त्य समीक्षकांपैकी काहींना ह्या शाखेस भूमिकाप्रधान म्हणणे मान्य नाही. हा आक्षेप टिकणारा नाही. कारण लढाईचा निकाल खेळाडूच्या बोटांच्या चपळाईने नव्हे, तर पात्रांच्या जोपासलेल्या गुणांनी व त्यांविषयी आधी घेतलेल्या निर्णयांनी लागतो. त्याच वर्षी आलेल्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ ह्या खेळात तलवार आहे, गुहा आहेत, दैत्य आहेत, पण यश प्रायः खेळाडूच्या हातावर अवलंबून आहे. म्हणून बाह्य सामग्री सारखी असूनही त्यास सामान्यतः साहसखेळांत गणतात. दुसरीकडे, २००७ नंतर साध्या बंदूकबाजीच्या खेळांतही अनुभवगुण व श्रेणी सर्रास दिसू लागल्या. श्रेणीवाढ हाच निकष मानणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत झाली. असे अंक खेळाडूला खिळवून ठेवण्यासाठी दिलेले बक्षीस असतात. त्यांच्यामुळे पात्र वेगळे घडत नाही. ‘डिस्को इलिझियम’ (२०१९) ह्या खेळात याच्या नेमके उलट घडले. त्यात लढाई जवळजवळ नाही. चोवीस कौशल्ये व दोन फासे ह्यांच्या आधारे एक स्मृती गमावलेला पोलीस अधिकारी माणसांशी आणि स्वतःच्या मनाशी बोलतो. तरीही तो निःसंशय भूमिकाप्रधान खेळ आहे.

महाराष्ट्रातील उदाहरण म्हणून पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या संस्थेचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ (२०२०) हा खेळ नेहमी पुढे केला जातो. राजी ही मुलगी दैत्यांनी पळविलेल्या आपल्या भावाचा शोध घेते. दुर्गा तिला त्रिशूळ देते. दुर्गा व विष्णू ह्यांच्या संवादातून कथा उलगडते. पहाडी चित्रशैली व छायाबाहुल्या ह्यांचा त्यातील उपयोग देखणा आहे आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’ मध्ये पदार्पणातील कृतींच्या गटात त्यास नामांकनही मिळाले. भवानीने शिवाजी महाराजांना तलवार दिल्याची कथा ऐकत वाढलेल्या वाचकास दुर्गेच्या हातून शस्त्र घेणारी नायिका सहजच जवळची वाटेल. परंतु वरील कसोटी लावता हा भूमिकाप्रधान खेळ नव्हे. शस्त्रांच्या शक्ती वाढविण्याची मर्यादित सोय त्यात असली, तरी उडी चुकली तर ती खेळाडूची चुकते, आणि राजीने काहीही केले तरी कथा त्याच वाटेने जाते. त्याच्या कर्त्यांनीही त्यास साहसखेळच म्हटले आहे. भारतीय पुराणकथा दिसली की भूमिकाप्रधान हे विशेषण लावण्याची हौस इतरांची आहे. गोंधळ्याच्या आख्यानाशी ह्या खेळाचे नाते अधिक जवळचे आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

भोपाळच्या पायरोडॅक्टिल गेम्स ह्या संस्थेचा ‘अनरेस्ट’ (२०१४) हा खेळ ह्याच्याशी ताडून पाहावा. प्राचीन भारतासारख्या एका कल्पित प्रदेशातील भीमरा नावाचे नगर दुष्काळाने ग्रासलेले आहे. खेळाडू एकामागून एक निरनिराळ्या पात्रांचा भार घेतो. त्यांत घरच्यांनी ठरविलेल्या लग्नास सामोरी जाणारी एक शेतकऱ्याची मुलगी आहे. तिला त्रिशूळ मिळत नाही, तिची श्रेणी वाढत नाही. बहुतांश खेळ संवादाचा असून लढाई अत्यल्प व टाळता येण्याजोगी आहे. मात्र कोणाशी काय बोलले, कोणाचा विश्वास संपादन केला व कोणाला दुखावले, ह्यांची नोंद राहते आणि पुढच्या पात्रांच्या वाट्याला येणारी परिस्थिती तीवरून बदलते. गुणांची नोंद इतकी क्षीण असल्यामुळे काही खेळाडूंनी ह्यास भूमिकाप्रधान मानण्यास नकार दिला. त्यांचा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. ज्या खेळात पात्राला काय येते हे गौण ठरते, तो संवादकथेच्या सीमेवर उभा असतो. तरीही येथे नोंद आहे, निवड आहे, आणि एकीचा परिणाम दुसरीवर होतो. मराठवाड्यासारख्या वारंवार अवर्षण सोसणाऱ्या प्रदेशातील वाचकास त्या मुलीपुढील पर्यायांचे तोकडेपण समजावून सांगावे लागणार नाही. लग्नास होकार दिल्यास एक आयुष्य, नकार दिल्यास दुसरे. आणि कोणत्याही बाजूने फासा टाकण्याची सोय ह्या खेळाने ठेवलेली नाही.