पडेल पानाभोवतीचा डेक : प्रस्तावना

तीनशे चार खेळणाऱ्याला पानांच्या मानपानाबद्दल वेगळे काही शिकवावे लागत नाही. या खेळात बत्तीसच पाने घेतात. गुलामाला ३० गुण, नव्वीला २०, एक्क्याला ११, दश्शीला १०. राजाला मात्र अवघे ३ आणि राणीला २. एका रंगाचे ७६, चार रंगांचे ३०४. इतर खेळांत आपण बिनदिक्कत टाकून देतो ती नव्वी इथे एक्क्याला मारते. मेंढीकोटात सगळी धावपळ चार दश्श्यांसाठी. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात तर १२० पाने, दहा रंग; राजा आणि प्रधान सोडले तर अर्ध्या रंगांत दहाचे पान वरचढ आणि उरलेल्या अर्ध्यांत एकाचे. नव्वदच्या दशकात शाळेत डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डे खेळलेल्यांनाही हे ठाऊक आहे. रँकमध्ये मागे असलेल्या पैलवानाचे पान वजन किंवा उंची पुकारली की जिंकायचे. पानाला स्वतःची अशी किंमत नसते. ती त्याला खेळ देतो.

कल्याण-डोंबिवलीहून सुटलेल्या लोकलमध्ये मांडीवर ब्रीफकेस आडवी ठेवून पत्ते पिसणाऱ्यांच्या या गावांत ट्रेडिंग कार्ड गेमच्या अभ्यासाची ओळख करून द्यायची, तर सुरुवात इथूनच करणे रास्त. फरक एकच, पण मोठा आहे. आपल्या नेहमीच्या खेळांत कॅट सर्वांचा एक असतो आणि वाटलेली पाने निमूट स्वीकारावी लागतात. ट्रेडिंग कार्ड गेममध्ये प्रत्येक जण हजारो पानांतून निवडून स्वतःचा कॅट घरूनच बांधून आणतो. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने १९९३ साली ‘मॅजिक : द गॅदरिंग’ आणला तेव्हा खेळाचा निम्मा भाग टेबलावर बसण्याआधीच उरकू लागला. त्या निम्म्या भागाला डेक-बांधणी म्हणतात. त्यातही सर्वांनी नाकारलेले एखादे पान घेऊन त्याच्याभोवती स्पर्धेत टिकेल असा डेक उभा करणे, ही मला त्यातली सर्वांत बुद्धीची शाखा वाटते.

एक उदाहरण जवळून पाहू. मॅजिकच्याच २०१० च्या वर्ल्डवेक संचातले ‘डेथ्स शॅडो’ हे पान. एका काळ्या मानात (जमिनीच्या पानांतून मिळणाऱ्या शक्तीत) उतरणारा प्राणी, हल्ल्याची ताकद १३ आणि सहनशक्तीही १३. अट अशी की तुमची जितकी लाइफ शिल्लक असेल तितके दोन्ही आकड्यांतून वजा. खेळ २० लाइफने सुरू होतो. म्हणजे पहिल्या टर्नला उतरवला तर हा प्राणी उणे सातवर जातो आणि टेबलाला टेकताच मरतो. लोकांनी पान बाजूला ठेवले यात नवल नाही. आता डेक-बांधणी करणारा काय पाहतो ते बघा. एक लाइफ देऊन डेकमधून दुसरी जमीन शोधून आणणाऱ्या जमिनी असतात. शोधून आणलेली जमीन लगेच वापरायची तर आणखी दोन लाइफ द्यावी लागते. ‘थॉटसीझ’ने समोरच्याच्या हातातले एक पान फेकायला लावता येते, त्याचे दोन. ‘स्ट्रीट रेथ’ दोन लाइफच्या बदल्यात नवे पान देतो. एकदा जमीन आणली, तीन गेले, थॉटसीझ, दोन, स्ट्रीट रेथ, दोन, पुन्हा एक जमीन, तीन. लाइफ दहावर आली आणि डेथ्स शॅडो ३/३ झाला. समोरच्याने चारचा फटका मारला की तो ७/७. हा खर्च बाकीचे डेकही नाइलाजाने करत होते. या डेकने त्याचे भांडवल केले. समोरच्याला मारावे तरी पंचाईत, न मारावे तरी पंचाईत! पुढच्या काही वर्षांत हेच पान मॉडर्न प्रकारातल्या आघाडीच्या डेकांचा कणा झाले. पानावरचे एक अक्षरही बदललेले नव्हते.

कधी पानाला सोबती मिळेपर्यंत थांबावे लागते. ‘लँटर्न ऑफ इनसाइट’ २००४ चे. ते टेबलावर असले की दोन्ही खेळाडूंच्या डेकचे वरचे पान सर्वांना दिसते, एवढेच. नुसते दिसून काय करायचे? मात्र वरचे पान उडवून लावणारी ‘कोडेक्स श्रेडर’सारखी स्वस्त साधने पुढच्या काही वर्षांत छापली गेली आणि दिसणे कामाला आले. समोरच्याच्या वाट्याला उपयोगाचे पान येऊच द्यायचे नाही, असा डेक घेऊन झॅक एल्सिकने २०१५ मध्ये ओक्लाहोमा सिटीची ग्रां प्री स्पर्धा जिंकली. २०१८ मध्ये बिल्बाओच्या प्रो टूरमध्ये लुइस साल्वातोही त्याच पानावर विजेता ठरला. म्हणून जुने संच पुन्हा पुन्हा चाळणे हा या अभ्यासातला नित्यपाठ आहे.

यात गणित आहे, आणि त्याला बिचकण्याचे कारण नाही. दहावीची संभाव्यता पुरते. साठ पानांच्या डेकमध्ये एका पानाच्या चारच प्रती ठेवता येतात. सुरुवातीच्या सात पानांत त्यांतली एक तरी येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. अकरा पाने पाहून होईपर्यंत ती साडेछप्पन्न टक्क्यांवर जाते. यू-गी-ओ या अशाच दुसऱ्या खेळात चाळीस पाने, तीन प्रती आणि हातात पाच घेतली तर जेमतेम ३४ टक्के. याचा अर्थ असा की लाडके पान जवळजवळ निम्म्या डावांत वेळेवर येणारच नाही. ते आले नाही तरी उरलेल्या छप्पन्न पानांना लढता आले पाहिजे. नवशिक्यांचे बहुतेक डेक इथेच ढासळतात: सगळी पाने एकाच पानाची वाट पाहत बसलेली!

दुसरा विषय म्हणजे आजूबाजूचे खेळाडू, ज्याला मेटागेम म्हणतात. लोकलच्या ठरलेल्या डब्यात वर्षानुवर्षे बसणाऱ्यांना हे कळते. कोण हुकूम शेवटपर्यंत दाबून ठेवतो, कोण उतारीलाच एक्का टाकून मोकळा होतो, हे पाठ झालेले असते आणि भिडूही त्या हिशेबाने खेळतो. एखादे पान पडेल असते ते विशिष्ट लोकांसमोर, विशिष्ट काळात. ठाण्यातल्या आठ जणांच्या गटात तुफान चालणारा डेक मुंबईच्या मोठ्या स्पर्धेत पहिल्या फेरीत आपटू शकतो, कारण तिथले डेक वेगळे. शिवाय पहिल्यांदा समोरचा चकित होतो, दुसऱ्यांदा साइडबोर्डच्या, म्हणजे डावांच्या मध्ये बदलायला जवळ ठेवलेल्या, पंधरा पानांत उतारा घेऊन येतो. त्यानंतरही डेक उभा राहिला तरच पान खरोखर चांगले होते असे मी म्हणेन. नुसत्या चकित करण्यावर बांधलेल्या डेकांचे मला फारसे कौतुक नाही.

पैशाचीही बाजू आहे. सर्वांना हवी असलेली पाने महाग असतात. नाकारलेली पाने स्वस्तात मिळतात, आणि कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींना स्पर्धेचे दार त्यामुळे उघडते. या अभ्यासाबद्दल मला वाटणाऱ्या आस्थेत याचा वाटा मोठा आहे.

ज्यांना यात शिरायचे आहे त्यांनी आधी पाने विकत घेऊ नयेत. कागदाच्या चिठ्ठ्यांवर पानांची नावे लिहून, त्या साध्या पत्त्यांसह पारदर्शक पाकिटांत घालून डेक बनवावा आणि रोजच्या दोन-चार सोबत्यांशी खेळावे. डाव झाला की वहीत तीन गोष्टी टिपाव्यात: मुख्य पान कितव्या टर्नला आले, आले तेव्हा उतरवता आले का, आणि ते न येता जिंकलेले डाव किती. तिसरा रकाना रिकामा राहत असेल तर मुख्य पान तसेच ठेवून आधी बाकीची छप्पन्न पाने पुन्हा तपासायला घ्यावीत.