टिचकीचा लिलाव

टिचकीमागे पैसे घ्यायची युक्ती पुष्कळांना गूगलची वाटते. ती रुजवली बिल ग्रॉसने. कॅलिफोर्नियात पॅसाडिना इथे १९९८ साली त्याने 'गोटू' काढले; २००१ मध्ये त्याचे 'ओव्हरचर' झाले. तिथे सरळ लिलाव होता. ज्याची बोली मोठी त्याची जाहिरात वर, आणि बोलीचा आकडा सगळ्यांना दिसे!

२००२ मध्ये गूगलने बोलीला टिचक्यांच्या प्रमाणाची जोड दिली. लोकांना आवडलेली जाहिरात कमी बोलीतही वर जाऊ लागली. ऑनलाइन दुकान टाकणाऱ्या छोट्या माणसाने यातले कुठले निवडावे? मला विचाराल तर गूगलचे. पण शेजारच्या दुकानदाराची बोली तिथे दिसत नसे, हिशेब गूगलकडेच. (लिलाव म्हणायचा आणि बोली झाकायची!)

ओव्हरचरने त्याच वर्षी पेटंटचा दावा ठोकला. २००३ मध्ये याहूने ओव्हरचर विकत घेतले आणि २००४ मध्ये गूगलने याहूला २७ लाख शेअर देऊन भांडण मिटवले.