नगरचा किल्ला : अंग आखडणे आणि अंग आंबणे

१/ ९ ऑगस्ट १९४२. पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना अटक झाली आणि विशेष रेल्वेगाडीने त्यांना अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) भुईकोट किल्ल्यात आणण्यात आले. नेहरू तेव्हा ५२ वर्षांचे होते, सरदार पटेल ६६ वर्षांचे. या कैदेचा राजकीय इतिहास सर्वपरिचित आहे. हा धागा बंदिवासातील शरीराविषयी.

२/ मराठीत स्नायूंच्या दोन दुखण्यांना दोन शब्द आहेत. न हलल्याने अंग ‘आखडते’; सवय नसलेल्या श्रमाने ते ‘आंबते’. दिवसचे दिवस बसून काढले की स्नायू क्षीण होतात, सांध्यांची हालचाल कमी होते, पाठ धरते. अशा वेळी नुसत्या विश्रांतीने आखडलेपणा वाढतोच.

३/ नेहरूंना पूर्वीच्या तुरुंगवासांतून व्यायामाचे मोल ठाऊक होते. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी शीर्षासनाची आवड नोंदवली आहे. त्या विनोदी अवस्थेमुळे मनही प्रसन्न राहते, असे त्यांचे मत होते.

४/ नगरला त्यांनी बागकाम आरंभले. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या प्रारंभीच ते सांगतात की, उन्हाची पर्वा न करता ते तासन्‌तास खणत व फुलझाडांसाठी वाफे तयार करीत. जमीन निकृष्ट, दगडगोट्यांची, जुन्या बांधकामांच्या अवशेषांनी भरलेली होती.

५/ अशा खणण्याची सवय नसलेले अंग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक दुखते. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ मध्ये या विलंबित वेदनेचा संबंध स्नायूंतील सूक्ष्म इजेशी जोडला. पुढे लॅक्टिक आम्लाला दोष देण्याची रीत पडली. परंतु ते आम्ल श्रम थांबल्यावर तासाभरातच बहुतांशी निघून जाते. ‘आंबणे’ हा शब्द समर्पक असला, तरी दुखणे आम्लाचे नव्हे.

६/ तेच काम बेताने पुन्हा केले, की अंग कमी दुखते. स्नायू जुळवून घेतो. म्हणून आंबलेल्या अंगाला हलकी हालचाल आणि आखडलेल्या अंगाला नियमित हालचाल हितकारक. अचानक उठलेली तीव्र कळ, सूज किंवा बधिरपणा मात्र यांत मोडत नाही. तिथे वैद्यकीय तपासणीच हवी.

७/ बंदिवास आणि व्यायाम यांचे नाते अन्यत्रही दिसते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी आइल ऑफ मॅन बेटावर स्थानबद्ध केलेल्या जर्मनांत जोसेफ पिलाटेस होते. त्यांची व्यायामपद्धती आज त्यांच्याच नावाने जगभर चालते. नगरचे कैदी सुटल्यानंतर दोनच वर्षांनी, १९४७ मध्ये, रिचर्ड ॲशर या ब्रिटिश डॉक्टरांनी रुग्णांना अकारण अंथरुणाला खिळवून ठेवण्याविरुद्ध प्रसिद्ध लेख लिहिला.

८/ किल्ल्यात खणता खणता नेहरूंना जुन्या भिंतींचे व घुमटांचे अवशेष लागले. अधिक खोल खणणे तुरुंगाधिकाऱ्यांना मान्य नव्हते. पुरेशी अवजारेही नव्हती. अखेर कुदळ ठेवून त्यांनी लेखणी घेतली आणि एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत तो ग्रंथ सिद्ध झाला.

९/ नेहरूंची सुटका १५ जून १९४५ रोजी झाली. नगरच्या कैदेतील ग्रंथ जगाने वाचला. त्याच्या पहिल्याच पानांवर त्या वाफ्यांचीही नोंद आहे. भिंतींआड शरीर निकामी होऊ न देणे, हाही त्या कैदेतील प्रतिकाराचाच एक भाग होता.